सव्वादोनच्या बांगड्या

जैतुनबी मणेर बांगड्या भरायला बसली की बाईला कधी माप विचारायची नाही. समोरचा हात आपल्या हातात घ्यायचा, अंगठ्याचं हाड आत दाबायचं, पंजा गोळा करून बघायचा आणि टोपलीतली नेमकी माळ उचलायची. "अडीच." संपलं. चाळीस वर्षांत तिचा अंदाज चुकल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. वडूजपासून दहिवडीपर्यंतच्या वाड्यावस्त्यांवरच्या बायकांचे चेहरे तिच्या एक वेळ ध्यानात राहायचे नाहीत, हात राहायचे. खुरप्याचा घट्टा असलेला हात, भाकरीचा चटका बसलेला हात, नवऱ्यानं पिरगाळलेला हात.

लग्न होऊन इस्लामपूरहून वडुजात आली तेव्हा सासूनं टोपली डोक्यावर देताना एकच गोष्ट बजावली होती. "बेटा, हात धरायचा. हाताच्या मागं मागं घरात शिरायचं न्हाई."

पहिलं ती शिकली. दुसरं राहिलं.

राहिलं कसं, तर बांगडी भरायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात बाई बोलते. या वस्तीवर ऐकलेलं त्या वस्तीवर सांगितलं की चहा मिळतो, चहाबरोबर पुढचं ऐकायला मिळतं. जैतुनबीला नकला छान यायच्या. सुभेदाराची सून डोक्यावर पदर कसा घेते आणि सासरा वळला की कसा सोडते, हे ती बसल्या जागी करून दाखवायची आणि बायका पोट धरून हसायच्या. तिच्या टोपलीत बांगड्या किती आणि बातम्या किती, असं लोक विचारायचे. तिला ते कौतुक वाटायचं.

नवरा गेला, गुडघे गेले, पोरी मोबाईलवरून बांगड्या मागवायला लागल्या. तरी दहिवडीच्या बाजारातली लिंबाखालची जागा तिनं सोडली नाही. आणि यंदा दिवाळी झाली नि मुलगा दस्तगीर, टेम्पो चालवणारा, घरी येऊन म्हणाला, "आम्मी, उमऱ्याला चल, मक्केला. नाव घातलंय तुझं."

उमऱ्याला जायचं तर निघण्याआधी सगळ्यांची माफी मागायची, ही रीत. कहा-सुना माफ. बोललं-चाललं विसरा. जैतुनबी गल्लीतून, आळीतून हिंडली. हिंदूंच्या घरी, मुसलमानांच्या घरी, जिथं जिथं हात धरला तिथं तिथं.

"कहा-सुना माफ करा गं बायांनो."

"माफ गं भाभी, माफ! येताना काय आणणार मला?"

"खजूर."

"आन् माझ्या सासूला?"

"तिला घेऊनच जाते की. तितंच ठिवून येते, चालंल?"

हशा. चहा. माफी.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ती पाय शेकत बसली होती. सून तबस्सुम, मिरजेची, बी. ए. झालेली, दुपारी गल्लीतल्या मुलांना अरबी शिकवणारी, तिच्या गुडघ्याला तेल लावत होती.

"किती झाले, आम्मी?"

"एकोणचाळीस घरं."

"आणि त्यांनी काय माफ केलं?"

"काय म्हंजे? कहा-सुना."

"काय कहा आणि काय सुना?" तबस्सुम सहज विचारत होती, हात गुडघ्यावर चालूच होता. "मुलांना कालच शिकवलं म्हणून आठवलं. अल्लाहचं आपण जे चुकवलं ते अल्लाह माफ करील. पण माणसाचं जे बिघडवलं, ते त्या माणसानं सोडल्याशिवाय सुटत नाही. आणि त्याला ठाऊकच नाही काय सोडायचंय, तर तो सोडणार काय?"

"म्हंजे एकेकीपुढं जाऊन वाचून दाखवू?"

"तसंही नाही. सांगून त्याला आणखी दुखणार असेल तर सांगूही नये. मग ज्या बैठकीत त्याचं वाईट बोललो, त्याच बैठकीत ते खोडून काढायचं." ती थांबली. "ते एक बरं शिकवतात बघा. कुणाचं काही वाकडं दिसलं की त्याच्यासाठी सत्तर कारणं शोधायची. सत्तरातलं एकही लागू पडलं नाही तर म्हणायचं, एकाहत्तरावं असेल. मला माहीत नसलेलं."

"सत्तर? तवर चहा गार हुईल की गं!" जैतुनबी हसली. पण हसू अर्ध्यातच राहिलं.

पहाटेची नमाज झाल्यावर ती तशीच बसून राहिली. कयामतीला हिशोब द्यायचाच आहे, तर आधी स्वतःच स्वतःकडून घेऊन ठेवा, असं लहानपणी वडील सांगायचे. तिनं एकेक वस्ती डोळ्यांपुढं आणली. बरेच हात आले. त्यात एक हात बाईचा नव्हताच. धनगराचा, काठी धरून धरून बोटं वाकडी झालेला. कोकरवाडीच्या ज्योतिबाचा.

नऊ वर्षांपूर्वीचा बाजार. ज्योतिबा टोपलीपुढं उभा राहिला, मुंडासं सावरत, इकडंतिकडं बघत. माणूस मोठा सरळ. दोन वस्त्यांची बांधावरची भांडणं मिटवायला लोक त्यालाच बोलवायचे.

"भाभी, एक डझन बांगड्या दे. हिरव्या. सव्वादोनच्या."

जैतुनबीनं वर बघितलं. त्याची बायको धोंडुबाई. तिचा हात अडीचचा, तोही साबण लावून. "ज्योतिबादादा, सव्वादोनच्या धोंडुबाईच्या अंगठ्यावरनं बी सरकायच्या न्हाईत."

"तू दे. मुकाट दे."

दिल्या. तो चार पावलं गेला नाही तोवर शेजारी कडधान्यं घेऊन बसणारी शालूबाई म्हणाली, "काय गं, काय नेलं?"

आणि जैतुनबीनं ज्योतिबाचा हळू आवाज, त्याचं इकडंतिकडं बघणं, मुंडासं सावरणं, सगळं जसंच्या तसं करून दाखवलं. शेवटी एक डोळा मिटून म्हणाली, "घरचा हात अडीच. बाहेरचा सव्वादोन."

शालूबाई हसता हसता तागडीवर पडली. पुढच्या बाजारापर्यंत ते साऱ्या माणदेशात झालं होतं.

त्यानंतर धोंडुबाईनं जैतुनबीला वस्तीवर बोलावलं नाही. नऊ वर्षांत एकदाही नाही.

"तबस्सुम," जैतुनबीनं हाक मारली, "मी जरा कोकरवाडीला जाऊन येते."

वडापच्या जीपमध्ये मागच्या बाकावर आठ जणींत कोंबून बसल्यावर तिला सत्तर कारणांची आठवण झाली. वेळ जात नव्हता म्हणून ती मोजायला लागली. देवीच्या ओटीसाठी नेल्या असतील, एक. बहिणीला, दोन. भावजयीला, तीन. कुणी शेजाऱ्यानं आणायला सांगितल्या असतील, चार. भाचीला, पाच. लग्नात आहेर, सहा. सातव्याला ती थांबली.

ज्योतिबाला एक मुलगी होती. माया. ती पोरगी बांगड्यांच्या त्या बाजाराच्या वर्षभर आधी घरातून निघून गेली होती, जातीबाहेरच्या पोराबरोबर. सांगलीत हळदीच्या गोदामात कामाला होता म्हणे. मायाचा हात कसला होता? लांबट, मऊ, हाडं लवणारी. सव्वादोनचा.

"भाभी, घाम का आलाय एवढा थंडीत?" शेजारची म्हणाली.

"गाडीत हवा न्हाई गं," जैतुनबी म्हणाली.

धोंडुबाई अंगणात लोकर झोडपत होती. केस पांढरे झाले होते, हात वाळले होते. जैतुनबीला बघून तिची काठी थांबली नाही.

"आलीस?"

"आले. उमऱ्याला चाललीया. कहा-सुना माफ कर, धोंडुबाई."

"कंचं?"

एवढा एकच शब्द. एकोणचाळीस घरांत कुणी विचारला नव्हता. गुडघ्यांनी परवानगी दिली नसतानाही जैतुनबी खाली मातीत बसली आणि तिनं सांगितलं. बाजार, शालूबाई, केलेली नक्कल, मिटलेला डोळा. काही गाळलं नाही.

काठी थांबली.

धोंडुबाई उठून शेजारच्या घराकडं बघून आली. दार बंद होतं. मग पुढ्यात बसून हलक्या आवाजात म्हणाली, "मीच धाडलं हुतं तेंना. मायाला सातवा हुता. डोहाळजेवण कोण करणार तिचं? मी म्हनले, निदान हिरव्या बांगड्या तरी जाऊंद्यात. ते म्हनले, सांगलीत दुकानं काय कमी हायत? मी म्हनले, न्हाई. बारशाच्या काळ्या बांगड्या जैतुनभाभीनं भरल्यात, न्हाणाच्या तिनं भरल्यात. पोरीला तिच्याच टोपलीतल्या पायजेत."

धोंडुबाईनं लोकरीतला एक काटा उपटून टाकला.

"तू वळखशील असं मला वाटलं हुतं. हात बघून माणूस सांगनारी तू. म्हनलं, वळखंल आन् गप बसंल."

"मग तुमी सांगितलं का न्हाई गं? एवढं लोक बोलले..."

"कुणाला सांगायचं? ह्या बिराप्पाला?" धोंडुबाईनं बंद दाराकडं हनुवटी केली. "धाकला दीर. बिरोबा देवाचा भंडारा उचलून बोललाय त्यो, की माया दिसली तर तिथंच गाडीन. अजून तसाच हाय. म्हनून बाई हाय म्हनले लोक, तर म्हनू दिलं." मग ती एकाएकी हसली, पदर तोंडाला लावून. "मी तर भांडायची बी! हितं अंगणात उभी ऱ्हाऊन. 'कोन ती रांड, आना तिला म्होरं!' असं वरडायची. ते बिचारे खाली मान घालून बसायचे. मग आत गेलो की मी तेंना भाकरी वाढायची आन् इचारायची, पोरगी बरी हाय का, बाळ काय म्हनतंय. सोंग केलं भाभी आमी. तू लिवलेलं सोंग."

जैतुनबीच्या मनात सुटकेची एक हलकी झुळूक आली, आणि आली तशी तिनं ती ओळखलीही. "म्हंजे धोंडुबाई, माझ्या बोलण्यानं तुमचं झाकलंच गेलं म्हनायचं."

धोंडुबाईचं हसू गेलं.

"झाकलं ते बिरोबानं. तू झाकाय न्हवतं बोललीस."

"व्हय. न्हवते बोलले."

"तेंची माफी ते देतील. फलटणकडं मेंढरं घिऊन गेल्यात. माझी मी अजून देत न्हाई." धोंडुबाईनं काठी उचलली. "बघू. आन् मायाचं जर का तुझ्या तोंडातनं..."

"कुराणाची..."

"शपथ नगं घालूस. गप बस म्हंजे झालं."

दुसऱ्या दिवशी तिनं फलटणची एसटी धरली. ऊस तुटून गेलेल्या एका रानात दोनशे मेंढरं पाचट हुंगत होती आणि बांधावर घोंगडं टाकून ज्योतिबा बसला होता. तिला येताना बघून तो उठून उभाच राहिला.

"भाभी? तू हिकडं? कोन गेलं का काय?"

"कोन न्हाई गेलं. मीच चाललीया." तिनं सांगितलं. या खेपेला लवकर सांगून झालं, कारण तो मध्ये काही विचारत नव्हता. मायाचं कळल्याचंही सांगितलं.

"माफ," तो म्हणाला. "जा. सुखानं जाऊन ये."

"एवढ्यात?"

"मग काय, तुला ऊस तोडाया लावू?"

तिला हलकं वाटायला हवं होतं. तेवढ्यात रस्त्यावर गेलेल्या मेंढरांपुढं उसाचा ट्रॅक्टर येऊन थांबला. विशीतला ड्रायव्हर, कानात वायर घातलेला. त्यानं भोंगा वाजवला आणि मोठ्या आदरानं हाक मारली, "ओ सव्वादोनमामा! मेंढरं तेवढी कडंला घेता का?"

"घेतो रं, घेतो," ज्योतिबा म्हणाला आणि शीळ घालत उठला.

मेंढरं बाजूला झाली. ट्रॅक्टर गेला. जैतुनबी जागची हलली नव्हती.

"त्याला म्हाईत बी नसंल," ज्योतिबा परत बसत म्हणाला. "लहान हुतं त्ये पोरगं तवा. माझं नावच हाय असं वाटतंय त्याला. आता रेशनकार्डावर चढायचं तेवढं ऱ्हायलंय."

"दादा..."

"सुरवातीला लागायचं. भांडणं मिटवाया कोन बोलवंना. गेलोच तर म्हनायचे, आधी आपलं माप बघ. मग म्हनलं, बरं झालं. इतकी वर्सं लोकांच्या घरातलं काय म्हाईत नसताना आपन बी न्याय करत हुतोच की. कुनाकुनाला चुकीचं ठरवलं आसंल, बिरोबाला ठावं." त्यानं तंबाखूची चंची काढली. "तू एकटीच न्हाईस गं. जा. माफ म्हनलं न्हवं?"

परतीच्या एसटीत माफी तिच्याजवळ होती आणि तिला ती नेता येत नव्हती. माणसानं सोडलं होतं. नाव अजून रस्त्यावर हिंडत होतं, ट्रॅक्टरवर बसून.

निघायला चार दिवस राहिले होते तेव्हा दहिवडीचा बाजार आला. दस्तगीर म्हणाला, आता कशाला टोपली? ती म्हणाली, शेवटचा एक बाजार. लिंबाखाली बसली, माळा मांडल्या. शेजारी शालूबाईनं मटकीचं पोतं उघडलं. पुढ्यात चार बायका जमल्या. एकीचा हात जैतुनबीच्या हातात होता.

"शालू," ती मोठ्यानं म्हणाली, "नऊ वर्सांमागं मी तुला ज्योतिबाचं सांगितलं हुतं."

"सव्वादोनचं? व्हय की! काय हसलो हुतो गं आपन!"

"ते खोटं हुतं."

शालूबाईचं माप पोत्यातच राहिलं. "खोटं म्हंजे? बांगड्या न्हेल्या न्हवत्या?"

"न्हेल्या. बाई मी घातली. माझ्या मनची. त्यो मानूस सरळ हुता, सरळ हाय. त्याला त्या नावानं हाक मारू नगासा कोनी. मारली तर ती मला मारलीया असं मी समजंन."

"मग बांगड्या कुनासाठनं न्हेल्या गं?"

चार बायकांच्या आठ डोळ्यांनी तिच्याकडं बघितलं. नऊ वर्षांतली सगळ्यात मोठी बातमी जैतुनबीच्या जिभेवर बसली होती. एका वाक्यात ज्योतिबा धुऊन निघाला असता. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. असं सांगायला आपल्यासारखं दुसरं कुणी नाही, हे तिला ठाऊक होतं आणि जीभ अक्षरशः खाजत होती. तिनं हातातली बांगडी पुढच्या बोटांवर चढवली.

"ते माझं इचारायचं काम न्हवतं. तुझं बी न्हाई."

"म्हंजे तुला कळलंय!"

"शालू, मटकी जोख."

"मक्केला चाललीया न्हवं, म्हनून धुनं काढलंय बाईनं!" कुणीतरी म्हणालं.

"व्हय, म्हनूनच काढलंय," जैतुनबी म्हणाली.

"मग सुभेदाराच्या सुनंचं सांगितलेलं? ते बी मनचंच?"

जैतुनबीनं प्रामाणिकपणे विचार केला. "त्यातलं निम्मं."

हशा पिकला, पण नेहमीचा नव्हता. जिचा हात तिच्या हातात होता ती हसली नाही. तिनं हात हळूच मागं घेतला. "आन् माझ्या हाताचं काय काय सांगितलंस गं, भाभी? कुठं कुठं?"

जैतुनबीनं हातातली बांगडी परत माळेत सरकवली. बाई चार बांगड्यांवरच उठून गेली. मागोमाग आणखी एक गेली. शालूबाईनं तोंड फिरवून गिऱ्हाईक हाकारायला सुरुवात केली. टोपलीपुढची जागा रिकामी झाली. चाळीस वर्षांत भर बाजारात ती कधी रिकामी बघितली नव्हती.

कांद्याच्या ढिगामागून एक बाई पुढं आली. किती वेळ तिथं उभी होती कोण जाणे. पदर खोचून ती समोर बसली आणि तिनं उजवा हात पुढं केला. शालूबाईची हाक मध्येच तुटली.

"भर," धोंडुबाई म्हणाली.

जैतुनबीनं हात हातात घेतला. अंगठ्याचं हाड दाबलं. सवयीनं अडीचची माळ उचलली, एक बांगडी सरकवून बघितली, तर ती खुळखुळली आणि थेट कोपराकडं गेली. तिनं बांगडी काढली. टोपलीवर तिचा हात घुटमळला.

"माप काय गं तुझं?" तिनं विचारलं.

"मला काय ठावं? नऊ वर्सांत कोन भरलंय? घालून बघ एकेक."

ती एकेक घालून बघत राहिली. लिंबाची बारीक पानं टोपलीत पडत होती. शेवटी माप सापडलं, हातात आठवी बांगडी चढली, तशी धोंडुबाई खाली वाकली, बांगड्या भरणारीला करतात तसा नमस्कार केला रितीप्रमाणं, आणि वाकल्या वाकल्याच म्हणाली, फक्त दोघींनाच ऐकू जाईल इतकं, "तिकडं गेलीस की, ज्या हाताला सव्वादोनच्या बसत्यात, त्या हातासाठनं काय तरी माग."

मग ताठ बसून, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ती बोलली, "आन् एक डझन बांधून दे. हिरव्या. सव्वादोनच्या."

शालूबाई मान वळवून बघत होती. जैतुनबीनं बांगड्या मोजल्या, डझनावर एक जास्तीची घातली आणि कागदात गुंडाळून दोरा बांधला.

"आनखी काय देऊ?" तिनं विचारलं.